सत्तरीपर्यंत थांबलेली केर्तू

केर्तू लाहटिनेनला पासष्ट पूर्ण झाली त्या आठवड्यात रेइनोने तिला खानावळीत सगळ्यांसमोर विचारलं, "काय मग, पेन्शनचा अर्ज टाकलास का?"

"नाही."

"कधी टाकणार?"

"सत्तरीला."

सकाळचे पातळ फिनी पॅनकेक खात बसलेली म्हातारी मंडळी हसली. कॅनडातल्या थंडर बेमधल्या या फिनी, म्हणजे फिनलंडहून आलेल्यांच्या, वस्तीत ही गोष्ट हसण्यासारखीच होती. रेइनो पेपर मिलमधला निवृत्त फिटर. पगारातून कापलेल्या पैशांचं पेन्शन साठीपासून पुढे कधीही सुरू करता येतं, आणि त्याने ते साठी भरल्याच्या पहिल्याच महिन्यात सुरू करून घेतलं होतं. त्या टेबलावरच्या बहुतेकांनी तेच केलं होतं. मिलमध्ये उभं आयुष्य घालवलेल्या माणसाचा आपल्या फुप्फुसांवर फारसा भरवसा नसतो. सरकारकडे अडकलेला पैसा जितक्या लवकर घरी येईल तितका बरा, असा त्यांचा हिशेब.

"अगं, त्याआधीच गेलीस तर?" रेइनो म्हणाला.

"गेले तर पैसे कशाला लागतील?"

"आणि राहिलीस तर?"

"म्हणून तर थांबलेय."

साठीला सुरू केलं तर जे मिळतं, त्याच्या दुपटीहून जास्त सत्तरीला मिळतं. तेही शेवटच्या श्वासापर्यंत, महागाईबरोबर वाढत. फक्त तोवर जगायला हवं. आणि जगण्याच्या बाबतीत केर्तूच्या घरातल्या बायका हटवादी होत्या. आजी शहाण्णवाव्या वर्षी गेली, मावशी त्याहून उशिरा. आई एल्वी तेव्हा सत्त्याऐंशीची होती आणि चुलीची लाकडं स्वतः आत आणायची. कुणी मदतीला पुढे झालं की त्याच्या हातावर चापट मारायची.

एल्वीने जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या तळांवर स्वयंपाक केला होता. मजुरी हातात रोख. कापलं काही नाही, म्हणून पुढे मिळालंही काही नाही. म्हातारपणी सरकार सगळ्यांना जे थोडंफार देतं त्यावर तिने वर्षानुवर्षं काढली. एकदा केर्तूने तिला कालच्या कॉफीचा चोथा पुन्हा उकळताना पाहिलं. फिनी माणूस जेवण सोडेल, पण असली कॉफी पिणार नाही.  तेव्हाच तिने मनात ठरवलं, की आपल्या घरात चोथा एकदाच उकळायचा.

ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती, चौतीस वर्षं. ओली चादर किती जड असते हे ज्याने उचलली नाही त्याला सांगून कळत नाही. खांदे दुखायचे, पण पगार आला की त्यातले पन्नास डॉलर आधी निवृत्तीच्या खात्यात जायचे आणि उरलेल्यात घर चालायचं. तिथले पैसे एका साध्या फंडात, सगळ्या बाजारातले थोडे थोडे शेअर. बरोबरच्या बाया फेब्रुवारीअखेरची मुदत आली की कर वाचवायला बँकेत धावायच्या, काही तर कर्ज काढून भरायच्या. केर्तूला ते पटायचं नाही. चादरींचा ढीग रोज उपसायचा असतो, शेवटच्या दिवशी नाही. बाजार पडला की बाया रडकुंडीला यायच्या. केर्तू बँकेतून आलेलं पाकीट न फोडताच सौन्याच्या, म्हणजे परसातल्या वाफेच्या न्हाणीच्या, शेगडीत घालायची. छान पेटायचं.

तर बेत असा होता, की पासष्ट ते सत्तर या खात्यातून खायचं आणि सत्तरीला मोठं पेन्शन सुरू करायचं. भरताना जड गेलं नव्हतं, काढताना गेलं. पहिल्यांदा पैसे काढून आली तेव्हा तिला जेवण गोड लागेना.

"तोंड का पाडलंस?" एल्वीने विचारलं.

"कमी झाले."

"खाल्ले की कमी होतात. बटाट्यांचंही तसंच आहे. वाढ."

दोन वर्षं बेत नीट चालला. तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडाशी सौना जळाला.

परसातली लाकडी खोली. एका कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर दगड, समोर बसायच्या फळ्या. धुराडं कुठेतरी तडकलं असावं. दुपारी पेटवून केर्तू कणीक मळायला घरात आली आणि खिडकीतून पाहते तो छपरातून धूर. अग्निशमनवाले आले तेव्हा वाचवायला सिमेंटचा ओटा तेवढा उरला होता. लाकडाच्या शेगडीच्या सौन्याला विमा कंपनी वेगळे पैसे मागते. ते केर्तूने कधी भरले नव्हते. काटकसर केली होती.

नुकसान फळ्यांचं नव्हतं. एल्वी सौन्यातच जन्मली होती. त्या काळी बाळंतपणं तिथेच होत. तेव्हापासून तिचा शनिवार सौन्याशिवाय गेला नव्हता. तो हिवाळा केर्तू तिला दर शनिवारी रेइनोकडे घेऊन गेली. रेइनोचा सौना विजेवरचा.

"कसा वाटला, एल्वीमावशी?" तो दारातून विचारायचा.

"कपाट आहे," एल्वी म्हणायची. "कोमट."

पण घरी आल्यावर ती सरळ अंथरुणात शिरायची. जानेवारीपासून लाकडं आत आणणं तिने सोडलं. फेब्रुवारीत कुणी तिची काठी उचलून दिली तर चापट मारेनाशी झाली. केर्तूने ते पाहिलं.

तिने दुकानात तयार सौन्याची किंमत विचारली. वर्षभराचं खाणंपिणं निघेल एवढी. खात्यातून एवढे काढले तर कर कापला जाणार आणि सत्तरीच्या आधीच तळ दिसणार. मार्ग एकच होता.

"सोमवारी पेन्शनचा अर्ज टाकते," तिने आईला सांगितलं.

"आता घेतलं तर किती कमी मिळेल?"

"सत्तरीपेक्षा आठवा हिस्सा."

"किती दिवस?"

"कायमचा."

एल्वीने काठी जमिनीवर आपटली. "म्हणजे माझ्या एका घामासाठी तू तीस वर्षं आठवा हिस्सा सोडणार. चादरी धुता धुता डोकंही धुऊन काढलंस की काय?"

"मग काय करू?"

"इर्जिक घाल."

शेजारपाजारच्यांनी मिळून एकाचं काम उरकून द्यायचं. मजुरी नाही, पोटभर जेवण यजमानाचं. फिनी वस्तीत आजही छपरं अशीच चढतात. केर्तू दुसऱ्यांच्या इर्जिकीला सगळ्यांत आधी पोचायची. रेइनोच्या घराचं सिमेंट तिने कालवलं होतं, गेरिनो नावाच्या इटालियन गवंड्याच्या गॅरेजला पत्रे चढवले होते. पण स्वतःकडे तिने कधी कुणाला बोलावलं नव्हतं.

"मी कुणापुढे हात पसरणार नाही," ती म्हणाली.

"नको पसरू. बटाटे सोल."

केर्तू बाजाराला गेली तेवढ्यात एल्वीने फोन ओढून घेतला. सगळ्यांना एकच निरोप. "एल्वी बोलतेय. बर्फ गेलं की, जूनच्या पहिल्या शनिवारी या. सौना बांधायचाय. नाही, केर्तूला माहीत नाही. ती लाजतेय. हातोडा आण."

जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी केर्तूने पडदा सरकवला तर अंगणात गाड्या उभ्या होत्या. रेइनोने आपल्या मासेमारीच्या जुन्या खोपटाचं लाकूड आणलं होतं, सुकलेलं, सरळ. गेरिनो जाड पाइपाचा तुकडा जोडून बनवलेली शेगडी उतरवत होता.

केर्तू दारात आली. "कुणी सांगितलं तुम्हाला यायला?"

"माझ्या गॅरेजवर कुणी चढवलं होतं तुला?" गेरिनो म्हणाला. "बारा वर्षं मी वाट बघतोय. तुझ्याकडे काही मोडतच नव्हतं. बाजूला हो, ही जड आहे."

"हे सगळं मी कसं फेडू?"

"वाटाण्याच्या सुपात मांस जास्त घाल," रेइनो म्हणाला. "मागच्या वेळी पाणीच होतं."

"मागच्या वेळी ते तुझ्याच घरी होतं. तुझ्या बायकोने केलं होतं."

"म्हणून तर सांगतोय."

केर्तूने सूप चढवलं, वेलदोड्याचे पाव भट्टीत सरकवले आणि हातोडा घेऊन बाहेर आली. पाहुण्यासारखं बसणं तिला जमणार नव्हतं. आठ जण होते आणि सगळ्यांना सौना कसा बांधायचा ते ठाऊक होतं, त्यामुळे दुपारपर्यंत बरीच भांडणं झाली. फळ्या किती उंचीवर, खिडकी कुठे, दगड किती. एल्वी खुर्ची टाकून मधोमध बसली होती आणि प्रत्येकाला चूक ठरवत होती.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी रेइनोने दार बसवलं, मागे सरकून पाहिलं आणि कॉफी मागितली.

केर्तूने दार ढकललं. ते आत उघडलं.

"हे काढ," ती म्हणाली.

"का? छान बसलंय. एक फट दाखव."

"आत भोवळ येऊन आई दाराला टेकून पडली तर दार उघडेल का?"

रेइनोने दार एकदा आत ढकलून पाहिलं. "फुकटच्या कामात एवढ्या खोडी?"

"फुकट आहे म्हणूनच. विकत घेतलं असतं तर परत दिलं असतं."

गेरिनो इतका हसला की त्याला ओट्यावर बसावं लागलं. रेइनोने शिव्या घालत सगळ्या बिजागऱ्या सोडवल्या. केर्तूने दार धरलं. अंधार पडायच्या आत ते बाहेर उघडू लागलं, आणि मगच तिने कॉफी ओतली.

रिवाजाप्रमाणे बायका आधी गेल्या. एल्वी वरच्या फळीवर चढली, कुणाचा हात न धरता. केर्तूने दगडांवर पाणी टाकलं. वाफ उसळली. एल्वीने बर्चच्या ताज्या पानांची जुडी पाठीवर मारून घेतली आणि डोळे मिटले.

"कसा आहे?" केर्तूने विचारलं.

"पाणी टाक."

केर्तू मदतीला पुढे झुकली तेव्हा तिच्या हातावर चापट बसली.

अर्जाचा तो सोमवार आईने आधीच टाळायला लावला होता; पुढचेही अर्जाशिवाय गेले. खातं बेताप्रमाणे उतरत गेलं, पण केर्तूचं जेवण आता कडू होत नव्हतं. सत्तरीच्या पुढच्या महिन्यात पेन्शन बँकेत पडलं. खानावळीत रेइनोने तिच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहिली आणि जाहीर केलं, "चालू आहे. सरकार बुडालं."

"तू साठीला घेतलंस, त्याचं काय केलंस?" केर्तूने विचारलं.

"मासेमारीची बोट घेतली."

"चांगली आहे?"

"बुडाली."

टेबल हादरलं. रेइनोही हसला. बोटीवर त्याने सात उन्हाळे मजेत काढले होते आणि त्याला पश्चात्ताप नव्हता. केर्तूनेही त्याला चूक म्हटलं नाही.

घरी येऊन तिने आईला विचारलं, "पहिलं पेन्शन आलं. तुला काय हवं?"

ब्याण्णव वर्षांच्या एल्वीने पायांकडे पाहिलं. "हिवाळी बूट. हे आत पाणी घेतात."

दोघी दुकानात गेल्या. विक्रेत्या बाईने हलके, स्वस्त बूट पुढे ठेवले. एल्वीने ते काठीने बाजूला सारले आणि मागचे, चामड्याचे, दाखवायला सांगितले.

"ते महाग आहेत, आजी," बाई अदबीने म्हणाली. "पण दहा वर्षं सहज टिकतील."

एल्वीने अंगठ्याने बुटाचा तळवा दाबून पाहिला. "आणि त्यानंतर?"

बाईने केर्तूकडे पाहिलं. केर्तू शांतपणे उत्तराची वाट पाहत उभी होती.

"त्यानंतर तळवा बदलून मिळतो," बाई म्हणाली.

"मग द्या," एल्वी म्हणाली.

केर्तू बाकावर बसली, आपल्या पायातले जुने बूट काढले आणि म्हणाली, "तसेच माझ्याही मापाचे दाखवा."