शेडमास्तरांचा कॅमेरा

सुकदेव पाटील सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये सव्वीस वर्षं शेडमास्तर, म्हणजे रंगाची छटा जुळवणारे. व्यापारी चिंधीएवढा तुकडा पाठवायचा, सुकदेव कापडाचा अख्खा ताका त्याच रंगात काढून द्यायचे. गेल्या वर्षी शेठने त्यांच्या हातात कॅमेरा ठेवला. "मास्तर, पार्टीला आता मालाचा फोटो जोईए, फोटो पाहिजेच. रंग तुम्हाला कळतो, तुम्हीच काढा."

चोपन्नाव्या वर्षी सुकदेवांनी कॅमेरा पहिल्यांदा धरला. ऑटोवर मरून कापडाचा फोटो काढला, तो लालभडक आला. माल पोचल्यावर व्यापाऱ्याचा फोन आला, "हा तर दुसराच रंग!" असं त्यांना आजवर कुणी ऐकवलं नव्हतं.

ते राहायचे त्या भेस्तानच्या गल्लीत रंजना लग्नाचे फोटो काढायची. पोरीच्या वयाच्या बाईकडे शिकायला जायचं म्हणून दोन रविवार त्यांनी संकोचातच घालवले. तिसऱ्या रविवारी गेले.

"मामा, तुम्ही ट्यूबलाइटखाली शेड पास करता?" तिने विचारलं.

"छे! खिडकीशी, उजेडात."

"मग फोटोही तिथंच काढा." तिने कॅमेऱ्याची चकती 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर फिरवली आणि पांढरा कागद समोर धरून रंग जुळवायला शिकवलं. सुकदेवांनी आकडे लिहून घेतले: अ‍ॅपर्चर आठ, शटर सेकंदाचा एक पंधरांश, आयएसओ शंभर. कॅमेरा स्टँडवर लावला. मरून अगदी मरून आला.

त्या भरात ते पुतणी स्वातीच्या हळदीला कॅमेरा घेऊन गेले. आकडे तेच. दुपारी मांडवात दोनशे फोटो काढले. पिवळा रंग झकास. पण एकाही बाईचा चेहरा ओळखू येईना. सगळ्या पुसल्यासारख्या.

ते फोटो पाहून रंजना पोट धरून हसली. "मामा, कापड हलत नाही, माणसं हलतात! शटर अडीचशेवर न्या, सेकंदाचा अडीचशेवा भाग. मग अंधार पडेल, तो अ‍ॅपर्चर उघडून आणि आयएसओ वाढवून भरून काढा."

घरी त्यांची बायको सुभद्राबाई खिडकीजवळ भाकरी थापत होत्या. सुकदेवांनी शटर अडीचशेवर नेलं. फोटो काळा. अ‍ॅपर्चर उघडून चारवर आणलं, तरी अंधारच. आयएसओ चारशे केला.

"काय करी राह्यनात?" बाई वैतागल्या.

"थापत ऱ्हाय तू. थांबू नको."

या फोटोत बोटं स्वच्छ आली, बोटांना चिकटलेलं पीठसुद्धा.

स्वातीच्या हळदीचे फोटो मात्र गेले ते गेलेच. सुकदेवांनी तिच्या घरी जाऊन तसं सांगितलं. लग्नाचे फोटो रंजनाने काढले. सुकदेव शेजारी उभे राहून तिचे आकडे लिहून घेत होते.