शेवटच्या गाडीचं कार्ड

मी गाडीतून उतरलो आणि मी बसलो होतो त्या सीटवर बाळासाहेबांनी गोमूत्र शिंपडलं.

लपूनछपून नाही. सगळ्या लाईनसमोर. एका हातात आंब्याचा डहाळा, दुसऱ्या हातात प्लास्टिकची बाटली. माझा एक पाय अजून गाडीतच होता. दोन थेंब माझ्या बुटावर पडले. बाळासाहेब आमचे सुपरवायझर. माझा चेहरा बघून म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नको. मोठ्या साहेबांच्या मॅडम पूजेला आत बसनार हायेत. तुझ्याबद्दल काय न्हाई. रीत असती."

माझ्याबद्दल नाही, तर कुणाबद्दल? सीट बसवणारे, वायरिंगवाले, काचा लावणारे, सगळे त्या गाडीत चढले-उतरले होते. त्यांच्यामागं बाटली फिरली नव्हती.

नगरजवळच्या एमआयडीसीतला हा गाड्या जोडायचा कारखाना. इंजिन एका गावाहून यायचं, दरवाजे दुसऱ्या, काचा तिसऱ्या. आम्ही पेट्या फोडायचो आणि गाडी उभी करायचो. पुढं गाड्या खपेनात. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक, मग गेटवर नोटीस. त्या दिवशी लाईनवरून शेवटची गाडी उतरली होती. तिला झेंडूच्या माळा, बाजूला केळीचे खुंट, फोटो काढायला नगरहून माणूस बोलावलेला. मयताला सजवतात तसं सगळं चाललं होतं.

मी नेवासा तालुक्यातला. बौद्ध. गावात आमची घरं कुठल्या टोकाला असतात ते सांगायला नको. कारखान्यात लागलो तेव्हा वाटलं होतं, इथं सगळ्यांचा एकच निळा शर्ट, एकच कॅन्टीन, हजेरीच्या एकाच यंत्रावर सगळ्यांचे अंगठे. सुटलो एकदाचा. असा भाबडा होतो मी.

माझं काम पाण्याच्या टेस्टचं. गाडी तयार झाली की फवाऱ्यांच्या खोलीत न्यायची, काचा बंद करायच्या आणि आत एक माणूस बसवायचा. वरून, खालून, चारी बाजूंनी पाण्याचा मारा. आतला माणूस बॅटरी घेऊन बसलेला. दाराच्या कडेला वर्तमानपत्राची पट्टी सरकवायची, ओली झाली की समजायचं पाणी शिरतंय. पण खरा भरवसा तळहातावर. सीटवरून, गालिच्याखालून कोरडा हात फिरवायचा. यंत्राला न दिसणारी ओल माझ्या हाताला लागायची. अकरा वर्षं मी हेच केलं. कारखान्यातून बाहेर पडलेल्या किती गाड्यांत मालकाच्या आधी मी बसलोय, त्याचा हिशोब मीही ठेवला नाही.

आणि तिथं उभ्या उभ्या मला खंडेनवमी आठवली. दर वर्षी खंडेनवमीला एक गाडी पूजेला काढायचे. तिलाही आदल्या दिवशी टेस्ट व्हायची. दर वर्षी पूजेच्या वेळी त्या गाडीत तो वास यायचा. मला वाटायचं, पूजा म्हटल्यावर गोमूत्र आलंच. मी हात जोडायचो, खोबरं-साखर खायचो, साहेबांच्या पाया पडायचो. ती बाटली बाळासाहेबांच्या ड्रॉवरमध्ये वर्षभर असायची. माझ्यासाठी. इतकी वर्षं मी उतरलो की ते शिंपडत होते. शेवटच्या दिवशी फक्त घाई झाली, माझी पाठ फिरायची वाट बघितली नाही.

आजूबाजूला सगळे माझे जोडीदार. एकाच डब्यात जेवलेले. कुणी मोबाईल काढला, कुणी बुटाची नाडी बांधायला वाकला. मला त्यांचा राग बाळासाहेबांपेक्षा जास्त आला. अजून आहे.

टेस्टचं कार्ड माझ्या हातात होतं. प्रत्येक गाडीबरोबर एक कार्ड फिरायचं, त्यावर टेस्ट करणाऱ्याची सही नसेल तर गाडी गेटबाहेर जात नसे. सही करायची ती गाडीतून उतरल्यावर, शेवटचा हात फिरवून. ओल आहे का, कुठे आहे, कारण काय, असे तीन रकाने, आणि खाली शेरा. फवाऱ्यांच्या खोलीबाहेर मोठ्या साहेबांनी स्वतः पाटी लावली होती: ओल म्हणजे नापास.

मी वाकलो. सीटवरून तळहात फिरवला. ओली होती.

मग मी कार्ड भरलं. ओल: आहे. जागा: पुढची डावी सीट. कारण: मी बसलो म्हणून गोमूत्र शिंपडलं. शेरा: नापास. खाली सही केली, पूर्ण नावाची. कार्डाची खालची गुलाबी प्रत फाडली आणि खिशात घातली. ती टेस्टवाल्याकडेच राहायची असते.

बाळासाहेबांनी वाचलं. "ह्ये काय लिव्हलं?"

"जे हाताला लागलं ते."

"येडा झाला का? अनुभवाचा दाखला माझ्या सहीनं निघतो, इसरला का? दाखल्याबिगर तुला कोन उभं करनार हाय?"

नोकरी गेलेलीच होती. दाखला गेला तर अकरा वर्षंही गेली. घरी दोन पोरी, बायको शिवणकाम करते. सगळं डोळ्यांपुढून गेलं.

तेवढ्यात मोठे साहेब आले. त्यांनी कार्ड वाचलं, बाटलीकडे बघितलं, बाळासाहेबांना काही बोलले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, शेवटचा दिवस आहे. कशाला कडू करतोस? दुसरं कार्ड भर."

मी म्हणालो, "सर, दुसरं कार्ड भरायचं तर परत टेस्ट घ्यावी लागंल. मला परत आत बसावं लागंल. मग परत शिंपडनार का?"

त्यांनी खांद्यावरचा हात काढला. मी कॅन्टीनमधून डबा उचलला आणि गेटकडे चालू लागलो. पूजा झाली, फोटो निघाले, गाडी कार्डाशिवाय बाहेर पडली. नियम आमच्यासाठी होता.

दाखला आला नाही. चार ठिकाणी गेलो, चारही ठिकाणी पहिला प्रश्न दाखल्याचा. आता सावेडीत एका गॅरेजात गाड्या धुतो. पाणी सुटलं नाही.

गेल्या रविवारी बाळासाहेब घरी आले. केस पिकलेत. जुन्या अधिकाऱ्यांनी मिळून प्लांटचा इतिहास छापायला घेतलाय, जाड कागदावर, रंगीत. ती शेवटची गाडी कारखान्याच्या मालकांच्या दिवाणखान्यात काचेआड ठेवलीय म्हणे. पुस्तकात पहिल्या गाडीचं कार्ड आहे, शेवटच्या गाडीचं सापडत नाही.

बायकोनं चहा आणला. "आत्ताच पिऊन आलो वैनी," म्हणाले. कप तसाच राहिला, साय धरली त्यावर.

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. एक कोरं कार्ड. दुसरा माझा अनुभवाचा दाखला, टाईप केलेला, शिक्का मारलेला. त्यांना कळलं होतं की चाकणच्या एका नव्या कारखान्यात पाण्याच्या टेस्टला माणसं घेतायत आणि मी अर्ज केलाय.

"झालं गेलं सोड. हितं पास लिही, सही कर, अन दाखला घे. इतिहासात तुजं बी नाव यील."

अकरा वर्षं त्या शिक्क्याखाली होती. मी दाखला हातात घेऊन पूर्ण वाचला. माझ्याबद्दल सगळं चांगलंच लिहिलं होतं. प्रामाणिक, मेहनती, आज्ञाधारक. मी तो त्यांच्या पिशवीत परत ठेवला. कोरं कार्डही ठेवलं.

"ती गाडी नापास हाय, बाळासाहेब. कारन तुमाला म्हाईत हाय."

ते गेले. बायकोनं कप उचलून मोरीत ओतला.

त्यांच्या पुस्तकात शेवटची गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी सहीनं पास होईल. छापोत. परवा चाकणला मुलाखत आहे. अनुभवाचा पुरावा मागतील, तेव्हा मी गुलाबी प्रत टेबलावर ठेवणार. वाचा म्हणणार. तिन्ही रकाने, मोठ्यानं. त्यानंतर नोकरी द्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं. माझं ठरलंय.