काळ्या गाडीवरचे ओरखडे

लग्न होऊन मी पालघरला आले तेव्हा यजमानांकडे एक जुनी काळी मोटार होती. ते डॉक्टर; मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून त्यांनी ती घेतली होती. तारापूरकडे वीजघराचं बांधकाम जोरात होतं, रस्त्यावर खडीचे ट्रक धावायचे. तरी तिकडच्या किनाऱ्यावरच्या घिवली गावाहून निरोप आला की हे निघायचेच.

एका दुपारी तिथली एक कोळीण आली. सून सकाळपासून अडली होती. सोबतीला मीही गेले. गावाजवळच्या अरुंद रस्त्यात समोरून ट्रक आला आणि ह्यांनी गाडी बाभळीच्या कुंपणात घातली. काटे पत्र्यावरून कराकरा घासत गेले.

"अहो, दार..."

"नंतर बघू."

बाळंतीण सुखरूप सुटली, मुलगी झाली. बाहेर आलो तर सासू गाडीपाशी उभी. दोन्ही दारांवर पांढरे लांबलचक ओरखडे.

"डाक्टर, आमच्यापायी तुमची गाडी वरबाडली."

"आजीबाई, नात बघा. गाडीचं काय एवढं!"

हसून म्हणाले खरे, पण गाडीत बसण्याआधी दोन्ही दारांवरून बोट फिरवून आले.

पुढच्या रविवारी मुंबईहून सामान आणलं: पाण्यात भिजवून वापरायचा बारीक पॉलिशपेपर, घासायचं तपकिरी मलम, काळ्या रंगाचा डबा, मेण. विहिरीच्या पाण्याने आम्ही वाळूचा कण न् कण धुऊन काढला. मग हे घासायला बसले. इतके नाजूक टाके घालणारा हा माणूस, पण इथे एवढा जोर लावला की काळ्याखालचा तांबडा थर उघडा पडला. कागद टाकून ते पायरीवर बसले.

"बिघडवलं मी."

"मी बघू का?"

मी कागद पुन्हा भिजवला आणि हलक्या हाताने घासत गेले. त्यांनी बारीक ब्रशने पातळ रंग दिला. तो वाळला की मी घासायचं, मग पुन्हा त्यांनी रंग द्यायचा. दोन्ही दारं व्हायला कितीतरी रविवार गेले. तोवर आमचं बोलणं म्हणजे जेवण आणि पेशंट. एका रविवारी मान वर न करता ते म्हणाले, "मला इथे यायचंच नव्हतं. मुंबईत सर्जन व्हायचं होतं. आईचं आजारपण आलं."

"मलाही कॉलेज सोडायचं नव्हतं," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

त्या जूनमध्ये त्यांनी स्वतः माझा परीक्षेचा फॉर्म आणला.

आजीबाई नातीला दाखवायला आल्या तेव्हा काखोटीला शिडाचं जुनं कापड होतं. "खारा वारा हाय. रातीला हे टाका वर." कापड खरखरीत होतं; मी आतून माझं मऊ झालेलं लुगडं शिवलं. सावलीत दारं नव्यासारखी दिसत, उन्हात मात्र डाग कळायचे. महिन्याला आम्ही दोघं मेण लावायचो.

पुढे गाडी विकायची वेळ आली. आदल्या दिवशीही आम्ही तिला मेण लावलं. घेणारा मनोरचा, म्हणाला, "पांढरी रंगवून घेणार." ह्यांनी मान हलवली, किल्ली दिली. गाडी वळणाआड गेल्यावर ते आत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा दोघांसाठी चहा केला. साखर फार पडली होती. मी सगळा प्यायले.