मोठ्या मामंजींची हंडी

आमचे मोठे मामंजी चुलीवरच्या हंडीपाशी कान नेऊन बसायचे. झाकण उघडून बघणं त्यांना मंजूर नव्हतं. आतलं मांस शिजलं की नाही, हे त्यांना आवाजावरून कळे. "आजून पाणीच बोलून राहिलं," ते म्हणायचे. "चरबी बोलू लागली की उतरवू."

मोठे मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. मी कुरुंद्याची, हळद पिकवणाऱ्या घरची लेक. लग्न होऊन सेनगावकडच्या एका खेड्यात आले, ते मेंढरं राखणारं, ज्वारी पेरणारं चौदा माणसांचं घर होतं. मोठे मामंजी त्यात एकटे. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. ज्वारी हुरड्यात आली की डोंगरातली रानडुकरं पिकात शिरत. गडीमाणसं कुत्री आणि भाले घेऊन जात, एखादं मारून आणत. सासूबाईंना ते मांस घरात चालत नसे. "माझ्या चुलीवर डुक्कर न्हाई शिजायचं," त्या दारातूनच ऐकवत. म्हणून मोठ्या मामंजींची चूल गोठ्यामागं, लिंबाच्या झाडाखाली.

रानडुकराचं मांस चिवट. धारा काढून झाल्या की सकाळीच मोठी हंडी चढे. भाजून, भिजवून पाट्यावर वाटलेल्या लाल मिरच्या, विस्तवात भाजलेले कांदे, ओंजळभर लसूण, जिरं, वरून चिंचेचा कोळ. पाणी अगदी बेताचं. झाकणाची कड भिजवलेल्या पिठानं लिंपायची आणि खाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर घालायचा. मग दिवेलागणीपर्यंत हात लावायचा नाही.

मिरच्या वाटणं आणि आर बघणं माझ्याकडे होतं. सुनेनं त्यांच्यापुढं तोंड उघडायची सोय नव्हती, आणि तेही माझ्याशी थेट बोलत नसत. सगळं बोलणं मोत्या नावाच्या कुत्र्यामार्फत चाले. "मोत्या, आर जरा बाहेर ओढा म्हणावं. जाळ नको, ऊब पायजे." मी आर ओढायची. "हां, आता बराबर." मोत्या शेपटी हलवायचा. पुढंपुढं मला त्या कुत्र्याचा थोडा हेवा वाटू लागला होता.

माझ्या नवऱ्याला भूक आवरत नसे. एकदा त्यांनी भर दुपारी लिंपण फोडून झाकण उचललं. मोठे मामंजी ओरडले नाहीत. उठले, शेताकडे चालू लागले आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हणाले, "मोत्या, त्या पोराला सांग, तकलीफ मला न्हाई, हंडीला झाली."

मांस हाडावरून सुटलं की ते लाकडी डावानं त्याच्या रेषा-रेषा करत, दोऱ्यासारख्या, आणि त्याच मसाल्यात मोकळ्या करत. एकही तुकडा अख्खा राहत नसे. सासऱ्यांना हे पटत नव्हतं. एकदा ते म्हणाले, "दादा, दोन खांडं तरी तशीच ठेवत जा की. दाताखाली काईच येत न्हाई."

"खांडं ठेवली की ती गड्यांच्या ताटात जातेत अन् बायकांला रस्सा उरतो," मोठे मामंजी म्हणाले. "रेषा केल्यावर काय निवडशील?" मग आवाज खाली आणून बोलले, "तुझी वहिनी सात वर्सं रश्शात भाकर बुडवून उठली. मला ते ती गेल्यावर कळलं."

मी भिंतीपलीकडे गोठा झाडत होते. झाडणं तिथंच थांबलं. सासऱ्यांनी पुन्हा खांड मागितलं नाही. शेवटच्या पंगतीला आम्ही जावा बसायचो, तेव्हा गरम भाकरीत भरून गुंडाळण्याएवढं मांस आमच्याही वाट्याला असे, ते मोठ्या मामंजींमुळं, हे मला त्या दिवशी कळलं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामाचं राज्य डळमळलं होतं. गावं लुटल्याच्या बातम्या रोज येत. एका सकाळी शेजारच्या गावावर धूर दिसला आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात जायचं ठरलं. हंडी नुकतीच चढली होती. सासऱ्यांनी गाड्या जुंपल्या, पण मोठे मामंजी चुलीपासून हलेनात.

"तुमी लेकरं घेऊन व्हा म्होरं. रानातली मेंढरं घेऊन मी येतो."

"अन् ही हंडी?"

"ती बी येईल. तिकडं चौदा जण काय खातान?"

पलीकडे एका आमराईत आम्ही उतरलो. सासूबाईंनी दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही, नदीकडे तोंड करून बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी काठावर मेंढरं दिसली. निम्मीच होती. मागून मोत्या, आणि त्याच्यामागं घोंगडीत गुंडाळलेली हंडी डोक्यावर घेऊन मोठे मामंजी. पायांना फोड आले होते.

आल्या आल्या त्यांनी तीन दगड मांडून हंडी पुन्हा उकळली. आमच्यासारखीच पळून आलेली आणखी दोन घरं तिथं होती, त्यांनाही बसवलं. स्वतः मात्र वाढत उभे. मला राहवलं नाही. "मामंजी, आधी तुमी बसा," मी म्हणाले. त्यांनी मोत्याकडे पाहिलं. "ऐकलं का रे? सूनबाईचा आवाज चांगला हाय की." आणि बसले. त्यांच्या भाकरीवर ते मांस सासूबाईंनी आपल्या हातानं वाढलं.

पावसाळ्यात त्यांना हिवतापानं धरलं. वैद्य झाला, काढे झाले, ताप हटला नाही. श्रावणात ते गेले. त्यांचं सगळं त्याच काठावर केलं.

राज्य बदललं आणि दसऱ्यानंतर आम्ही माघारी निघालो. पाणी गुडघ्याएवढं होतं. पहिली गाडी मध्यावर गेली तरी सासूबाई काठावरच उभ्या. सासऱ्यांनी गाडीतून हाक दिली, "चल की. काहून थांबली?"

त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी मागंच राहिले की हो."

सासरे खाली उतरले, पाण्यातून परत आले आणि त्यांच्याशेजारी उभे राहिले. आम्ही गाड्या थांबवल्या.