इस्माईलच्या विहिरीचं पाणी

पुंडलिकनगरात नळ आठवड्यातून एकदा येतो, म्हणून पाणी साठवावं लागतं. किस्से आपोआप साठतात. निवृत्तीनंतर ते फार आठवतात, आणि बहुतेकांत चूक माझीच असावी, असं वाटत राहतं.

इस्माईल माझा शेवटचा पीएच.डी.चा विद्यार्थी. हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेटराष्ट्रातला. विषय, हवामान बदल आणि त्याच्या देशाची सुरक्षा. पहिल्याच सेमिनारला जाधव सरांनी विचारलं, "तुमचा शत्रू कोण?"

"समुद्र, सर."

"मग नेव्ही वाढवा की!"

सगळे हसले. मीही!

*

तो आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायचा. घरमालक बाबूराव त्याला म्हणाले, "चारी बाजूंनी पाणी, तरी रडतो? लई नशीबवान लोक तुम्ही!"

"काका, समंदर कुएँ में आ गया. अम्मी पीती नै वो पानी."

"मग बोअर मारा ना!"

*

इस्माईलनं शेजारच्या बेटावर पाहणी केली होती. त्या पाहणीच्या दाखल्यावर विद्यापीठाला तिथल्या ऑफिसचा शिक्का हवा होता.

"बेट रिकामं केलंय," मी आमच्या क्लार्कला, सोनवणेला म्हणालो. "ऑफिसच उरलं नाही."

"सर, गाव बुडालं म्हणून शिक्का बुडतो का? आमचं गाव धरणात गेलं. शिक्का अजून आजोबांच्या पेटीत आहे!"

तो हसत नव्हता.

*

प्रबंधात इस्माईलनं लिहिलं होतं, 'आमच्या बेटावर आता काही उगवत नाही. आम्ही उठलो, की तिथं दुसऱ्या कुणाचं तरी सैन्य बसेल.' मी लाल शाईनं शेरा मारला, 'अतिशयोक्ती. पुरावा जोडा.' आणि सही अडवली. मुदत महिन्यावर आलेली.

तो बेटावर, आपल्या घरी जाऊन आला. आल्यावर आमच्याकडं आला, मी बाहेर होतो, तर पाच लिटरचा कॅन बायकोकडं देऊन गेला. "सर के वास्ते. हमारे कुएँ का है."

आमच्याकडं पाहुण्याच्या पेल्यातलं उरलेलं पाणीसुद्धा फेकत नाहीत, कुंडीत जातं. परगावच्या विहिरीचं पाणी प्यायला नको, म्हणून हिनं नळ येईपर्यंत ते रोज मोगऱ्याला घातलं.

पुढच्या आठवड्यात तो सहीसाठी आला. रिकामा कॅन बघून मी ओशाळलो. ही म्हणाली, "अरे, मोगऱ्याला घातलं मी! त्याला काय झालंय कोण जाणे, पार करपलाय."

इस्माईल गॅलरीत गेला. कुंडी दोन्ही हातांनी उचलून आणली आणि माझ्या टेबलावर, प्रबंधाशेजारी ठेवली.

"सर," तो मराठीत म्हणाला, "पुरावा जोडला."