त्याच्यासमोर विचारलेला प्रश्न

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणे धूसर झाली. पण त्या सकाळची आठवण निघाली की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो.

नागपुरातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एक बाई एकटीच आली. "मले घरी नाही जायचं, नवरा मारते," एवढेच तिने ठाणे अंमलदाराला सांगितले. त्याने रिवाजाप्रमाणे अदखलपात्र नोंद केली आणि फोन करून नवऱ्यालाच बोलावले. समजूत घालायची, जोडीने घरी पाठवायचे, प्रकरण मिटले! मीही त्याच वळणाचा.

नवरा इस्त्रीच्या शर्टात, हात जोडून हजर. तिच्या हातांवरच्या डागांबद्दल विचारले तर म्हणाला, "साहेब, भिवापूरले मिरचीच्या सातऱ्यावर देठं खुडाले गेली होती. तिथंच भाजलं." सातरा म्हणजे मिरच्या वाळत घालून त्यांची देठे खुडायचे मोकळे आवार.

तो तिच्या शेजारी उभा असतानाच मी तिला विचारले, "काय बाई, जाता का घरी?"

"जातो," ती जमिनीकडे बघत म्हणाली. दोघे गेले, मी चहा मागवला.

चहा यायच्या आधी आमच्या महिला हवालदार ताई आत आल्या; बाहेरून त्यांनी सारे पाहिले-ऐकले होते. त्या मूळच्या भिवापूरच्या. "साहेब, माही माय जन्मभर सातऱ्यावर बसली. मिरचीनं बोटायची आग होते, कोपरापाशी गोल डाग नाही पडत. हे बिडीचे चटके आहेत!"

मदत मागायला आलेल्या बाईला मी मारणाऱ्याच्याच हवाली केले होते, आणि ती पोलिसांत गेली हे आता त्याला कळले होते. घरी पोचल्यावर तिचे काय होईल, हे कुणी सांगायला नको होते.

जीप काढली. ताई पुढे बसून नवऱ्याची मोटारसायकल शोधत होत्या, मी ड्रायव्हरच्या मानगुटीवर बसल्यासारखा ओरडत होतो. त्यांच्या घराच्या वाटेने हुडकेश्वरकडे वळणार तोच ताई किंचाळल्या, "थे पाहा, फाटकापाशी!" रेल्वे फाटक बंद होते. बंद फाटक पाहून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही.

ताईंनी तिचा हात धरला. "उतर वं बाई. आता तू माह्यासंगं."

ठाण्यात दोघांना वेगवेगळे बसवले. नवऱ्याला मी विचारले, "सातऱ्यावर कधी गेली होती?"

"आत्ताच साहेब, पोळ्याच्या आठवड्यात."

तिचा जबाब घ्यायला निघालेल्या ताई दारातूनच वळल्या. "पोळ्याले झाडाले तरी मिरची लागते का गा? सातरे सारे रिकामे असतात तवा!"

आतल्या खोलीत, दार लावून, ती ताईंजवळ दीड तास बोलली. वैद्यकीय तपासणीत जुन्या-नव्या जखमा निघाल्या. गुन्हा नोंदवला, त्याला अटक केली आणि दिवस मावळायच्या आत ती महिलांच्या निवाऱ्यात सुरक्षित पोचली. त्या संध्याकाळी सगळे ठाणे लग्नघरासारखे खुशीत होते. मी मात्र मनातून खजील होतो, कारण चोर पकडायला शिकलेल्या मला बाईला प्रश्न कुठे विचारायचा एवढेही कळत नव्हते.

काही महिन्यांनी ती परत आली, सोबत ओठ फुटलेली एक शेजारीण आणि त्या शेजारणीचा भाऊ. मी खुर्ची पुढे केली, कागद ओढला. ती जराही न बिचकता म्हणाली, "साहेब, तुम्ही अन् इचा भाऊ थोडे बाहेर बसा. पहिले ताईले बोलवा."

मी मुकाट्याने उठलो आणि माझ्याच केबिनबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलो.