पांढऱ्या अंड्याची लाल कोंबडी

आमच्या सासऱ्यांचा पाय मोडला आणि सगळा भार एका कोंबडीवर पडला.

मामा (म्हणजे माझे सासरे) चारठाण्याचे. शेतात घसरले, पायाला प्लास्टर पडलं, आणि सुनंदानं बापाला हट्टानं आमच्याकडं बोरीला आणलं. डॉक्टरांनी बजावलं, रोज अंडी खायची. दुकानातली पांढरी अंडी उकडून पुढं ठेवली, तर मामांनी ताटली सरकवली.

"पांढरं अंडं म्हंजी नुसतं पाणी. ताकद लाल अंड्यात असती. न्हाई मिळत तर ऱ्हाऊ द्या, मी जातो माझ्या गावाला."

प्लास्टरसकट जायची धमकी ऐकून सुनंदाचे डोळे भरले. मग जावयाला शौर्य दाखवणं भागच होतं. मी देवगाव फाट्यावरून एक कोंबडी आणली. तांबूस, तुकतुकीत, चालीत तोरा. लाल कोंबडी लालच अंडं देणार, त्यात कुणाला काय विचारायचं?

तिनं अंडं दिलं. दुधासारखं पांढरं.

मामांनी ते उजेडात धरून पाहिलं. "जावईबापू, कोंबडीला पंडुरोग झालाय."

"तुमी बघून आणली का डोळे झाकून?" सुनंदानं आतून विचारलं.

मी मोबाईलवर उपाय शोधला. एक गृहस्थ सांगत होते, कोंबडीला लाल तिखट आणि झेंडूच्या पाकळ्या घाला, अंडं लालभडक होतं. (पुढचं ऐकायच्या आधी मी उठलोसुद्धा.) कोंबडी तिखट असं खायची की पाण्याकडं बघायचीसुद्धा नाही. घरातला डबा रिकामा झाला. आम्ही फिकं वरण खायला लागलो, शेजारणीच्या कुंडीतला झेंडू बोडका झाला. अंडं मात्र पांढरंच.

तेवढ्यात शेजारच्या शेळीला तपासायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मी कोंबडी काखेत घेऊन गेलो.

"हिला पंडुरोगावर सुई द्या."

बाईंनी कोंबडीचा कान पाहिला. कोंबडीला कान असतो हे मला तेव्हाच कळलं.

"कानाची पाळी पांढरी आहे. अशा कोंबड्या बहुतेक पांढरीच अंडी देतात. टरफलाचा रंग जातीवर असतो, ताकदीचा त्याच्याशी संबंध नाही. तिखटानं आतलं पिवळं रंगतं, टरफल नाही."

मामा आमच्या अंगणातल्या बाजेवरून ऐकत होते. "बाई शिकलेल्या हायत. पण अंडं मला खायचंय."

सुनंदाची सहनशक्ती संपली. तिनं अंडं उचललं आणि मामांच्या नाकासमोर वाटीत फोडलं.

आत शेंदरी बलक, जणू कुणी कुंकू कालवलं होतं. मामा वाकून बघायलेत, मी मामांकडं बघायलोय.

"आरं तिच्या," मामा हळूच म्हणाले. "लाली आत लपवलीय हिनं. लय खानदानी कोंबडी हाय."

त्या दिवसापासून मामा मनापासून अंडी खाऊ लागले. भेटायला येणाऱ्यांना सांगू लागले, "लाल टरफल म्हंजी नुसता देखावा. असली माल पांढऱ्यात असतो." कोंबडी खुडूक झाली, अंडी द्यायची थांबली, तेव्हा मी मोठ्या मुश्किलीनं गावरान लाल अंडी मिळवली. मामांनी ताटली सरकवली. ती अंडी मी खाल्ली, रोज, सुनंदाच्या देखरेखीखाली.

प्लास्टर निघालं, मामा धड चालायला लागले. त्यांना पोचवायला जीप केली, तर कोंबडीही सोबत हवी म्हणाले. मागं धक्के बसतात म्हणून टोपलीला पुढची सीट मिळाली. मी मागं, खताच्या पोत्यावर.

चारठाण्यात जीपभोवती भावकी जमली. मामांनी टोपली उघडून कोंबडीची ओळख करून दिली. तिचा कान दाखवला, खानदान सांगितलं. मग कुणीतरी माझ्याकडं बोट करून विचारलं, "आन् हे कोण?"

"हे व्हय?" मामा म्हणाले. "हे कोंबडीसंगं आलेत."